तिथी बघून फुटबॉल

जिंकणाऱ्या संघाजवळ कप जमतात, हरणाऱ्याजवळ किस्से. आमच्या पनवेलच्या संघाजवळ एकही कप नव्हता, त्यावरून काय ते समजा. आता चार जण चहाला बसलो की एक जण सुरू करतो, दुसरा त्याला दुरुस्त करतो, तिसरा म्हणतो तू त्या दिवशी नव्हतासच. म्हणून म्हटलं, निदान त्या एका हंगामाचे तरी मी लिहून ठेवतो. मी सगळ्या सामन्यांना होतो. सेक्रेटरी होतो, आणि हाफबॅकही.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी नुकताच बी.ए. होऊन मुंबईहून परत आलो होतो आणि मला सगळं ताबडतोब बदलायचं होतं. जिल्ह्याच्या लीगमध्ये सहा संघ. आदल्या वर्षी आम्ही सहावे आलो होतो. नियमाप्रमाणे बाहेर जायचं होतं, पण एक वर्षाची सवलत मिळाली. जुने खेळाडू गिरण्यांत आणि गोदीत नोकऱ्या धरून मुंबईला गेलेले. मग मी मिठागरांतून, कोळीवाड्यातून, टांग्याच्या अड्ड्यावरून नवे दहा जमवले, अकरावा मी.

क्लबचे अध्यक्ष आप्पासाहेब वकील म्हणाले, "घे तुझी पोरं. पण पुन्हा शेवटचे आलात तर फुटबॉल बंद. गावातल्या चार सभ्य माणसांना टेनिस खेळू दे."

मी म्हटलं, "मंजूर."

संघाला विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

* * *

पहिलं काम म्हणून मी एका मोठ्या पुठ्ठ्यावर वेळापत्रक काढलं. रोज संध्याकाळी पाच वाजता सराव, रविवारी सामने, लाल शाईने रेघा. वाचनालयाच्या भिंतीवर टांगलं. आमचा गोलकी हिराजी, मिठागरात काम करणारा, त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"बीए," तो म्हणाला. मला सगळे बीएच म्हणायचे. "यात तिथी कुठं हाय?"

"फुटबॉलला तिथी लागत नाही."

"बरं," तो म्हणाला.

पहिल्या सामन्याला आमचे पाच जण आले. द्वितीया होती. उधाणाचं पाणी खाडीत चढलेलं, हिराजी आणि दोघं ते मिठागरात भरून घेत होते. फॉरवर्ड धर्मा कोळी आणि आणखी दोघं होड्या घेऊन बाहेर. वार त्यांच्या दृष्टीने बाजारापुरता. ते सगळे मोकळे असायचे ते सप्तमी, अष्टमी, नवमीला. तेव्हा भरती नरम असते, त्याला ते भांग म्हणायचे.

त्या दिवशी खोपोलीने आम्हाला सहा गोलांनी हरवलं. खोपोलीचा त्या हंगामातला तो एकमेव विजय.

मी त्याच दिवशी लीगच्या सेक्रेटरींना कडक पत्र लिहिलं. आमचे उरलेले सामने कृपया अष्टमी-नवमीच्या सुमारास ठेवावेत, हा श्रमिकांच्या न्यायाचा प्रश्न आहे, वगैरे. आठवड्याने उत्तर आलं:

"आपल्या खेळाडूंचे उपवास लीग विचारात घेऊ शकत नाही."

* * *

मला वाटे, यांना खेळ येतो पण विचार येत नाही. म्हणून एका अष्टमीला मी फळा घेऊन मैदानात गेलो. पास म्हणजे काय, जागा रिकामी कशी करायची, अकरा माणसांनी एका मनाने खेळणं म्हणजेच लोकशाही, असं सगळं समजावू लागलो. आमचा फुलबॅक इस्माईलभाई टांगा हाकायचा. चाळिशीला आलेला, संघात सगळ्यांत वडील. तो उठला.

"बीएसाहब, घोड्याला पाणी पाजून येतो."

गेला. पाणी पाजलं, दाणा घातला, स्टँडवरचं एक गिऱ्हाईक आपटा गावाच्या रस्त्याला अर्ध्या वाटेपर्यंत सोडून आला आणि पुन्हा खाली बसला.

शेजारच्या धर्माने त्याला हळूच सांगितलं, "बस. अजून बॉल यायचा हाय."

* * *

या इस्माईलभाईचीच एक गोष्ट अलिबागची. त्यांचा सेंटर फॉरवर्ड उंच, वेगवान, आणि आमच्या मागच्या फळीत त्या वेळी इस्माईलभाईशिवाय कोणी उरलेलं नाही. तो चेंडू घेऊन सरळ अंगावर आला. वीस वर्षं बाजारपेठेतून टांगा काढणाऱ्या माणसाने अशा वेळी जे करायचं तेच इस्माईलभाईने केलं. छाती भरून ओरडला, "ए, बाजू! बाजू हो!"

आणि तो बाजूला झाला. चेंडू तिथेच ठेवून.

सामना तरीही आम्ही हरलोच. पण परतीच्या एस.टी.त तो फॉरवर्ड भेटला, पनवेलला मावशीकडे निघाला होता. बिचारा तोंड पाडून म्हणाला, "लहानपणी एकदा टांग्याखाली आलो होतो."

* * *

बुटांचं थोडक्यात सांगतो. मुंबईच्या कॉलेजमित्रांकडून मी जुने बूट गोळा करून आणले. पोरांनी घातले, दोन दिवस लंगडले आणि मला परत आणून दिले. मी चिडलो. अनवाणी खेळणारा संघ पाहून लोक काय म्हणतील?

कर्जतच्या सामन्यात त्यांच्या एका धिप्पाड गड्याने खिळ्यांच्या बुटाने मुद्दाम हिराजीच्या पावलावर पाय दिला. मिठागरात उभं राहून राहून हिराजीची पावलं अशी झाली होती की मी एकदा हात लावून पाहिला तर खडबडीत दगडाला लावल्यासारखं वाटलं. हिराजीने खाली पाहिलं, मग त्या गड्याकडे पाहिलं.

"दादा," तो काळजीने म्हणाला, "लागलं का?"

खेळ थांबवून त्याच्या बुटाचा वाकलेला खिळा सरळ करावा लागला. तो सामना आम्ही जिंकलो. हंगामातला पहिला विजय. मुंबईहून आणलेले बूट मी त्याच संध्याकाळी पोत्यात बांधून माळ्यावर टाकले.

* * *

मोरा बंदरावरचा सामना सगळ्यांत लांबचा. धर्माच्या काकाच्या होडीतून खाडीने जायचं ठरलं. सकाळी भरतीच्या टोकाला निघालो. ओहोटीबरोबर आरामात पोचलो असतो. पण धर्मा लांबचा वळसा घ्यायला लागला तसा माझा जीव वरखाली होऊ लागला. घड्याळात दहा वाजून गेलेले.

"सरळ घे ना. समोर तर पाणी दिसतंय."

"त्या अंगानं नको, बीए. पानी उतरलं का तिथं चिखल वर येतो."

"तोवर आपण पार होऊ. जरा जोर लावा."

धर्माने काकाकडे पाहिलं. काकाने खांदे उडवले. शिकलेल्या माणसाचा मान राखायची त्या लोकांना फार वाईट सवय होती.

अर्ध्या तासात होडी चिखलात बसली. चार तास आम्ही खाडीच्या मधोमध, समोर द्रोणागिरीचा डोंगर, आजूबाजूला बगळे. मी ढकलायला खाली उतरलो तो मांडीपर्यंत गेलो. हिराजीने काखेत हात घालून मला उपसून काढलं आणि होडीत ठेवलं. "घाई केली का चिखल जास्त धरतो," एवढंच म्हणाला. बाकीचे झोपले. मला त्यांच्या झोपेचा संताप येत होता. एक गुण, एक बरोबरी, काहीतरी हवं होतं, आणि इथे दिवस पाण्यासारखा वाहून चालला होता. पाणी तर वाहतही नव्हतं.

पुढची भरती येऊन मोऱ्याला पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. मला वाटलं, सामना त्यांना बहाल झाला असणार. पण त्यांचा संघ धक्क्यावर शांत बसला होता. त्यांनी रेफरीला केव्हाच सांगून ठेवलं होतं, "पानी चढल्याबिगर ते येत नाय." त्यांनी आधी आम्हाला भाकरी आणि बोंबील खायला घातले. मग दिसेनासं होईपर्यंत खेळलो. कोणाचाच गोल झाला नाही. बरोबरी! मी एकटाच आनंदाने नाचलो.

रेफरीला अहवालात उशिराचं कारण लिहायचं होतं. त्याने मोऱ्याच्या कप्तानाला विचारलं. कप्तानाने धर्माला विचारलं. धर्मा त्याच्या कानात काहीतरी बोलला, आणि कप्तानाने गंभीरपणे सांगितलं:

"लिवा. सेक्रेटरीला घाई झाली होती."

* * *

या बरोबरीवर आप्पासाहेब खूश नव्हते. वाचनालयाच्या पायरीवर आम्हाला सगळ्यांना उभं करून म्हणाले, "बरोबरी म्हणजे काय रे? ना जिंकलात, ना हरलात. याला काय निकाल म्हणायचा?"

हिराजी सहसा त्यांच्यापुढे तोंड उघडत नसे. जमिनीच्या एका भांडणात त्याचा बाप सहा वर्षं आप्पासाहेबांकडे खेपा घालत होता. तो खाली बघत म्हणाला, "आप्पा, तुमच्या कोर्टात दरखेपेला तारीख पडते. तशीच ही."

* * *

शेवटचा सामना पेणशी, आमच्याच मैदानावर. हिशेब सोपा होता. एक विजय आणि एक बरोबरी खोपोलीचीही होती, आणि गोलांत ते आमच्या पुढे होते. बरोबरी झाली तरी आम्ही खोपोलीच्या वर राहत होतो. हरलो तर सहावे, आणि सगळं संपलं.

रेफरी अलिबागचे निवृत्त ड्रिलमास्तर होते. त्यांना परतीची गाडी गाठायची होती म्हणून सामना भर दुपारी बारा वाजता. तिथी पुन्हा द्वितीया. मी आदल्या दिवशी घरोघर फिरलो. कोणाला काही बोलायचं धाडस झालं नाही, नुसता दारात जाऊन उभा राहायचो. सकाळी पाहतो तर अकराच्या अकरा हजर. धर्माची होडी किनाऱ्याला बांधलेली होती. हिराजीने मिठागरावर बदली माणूस दिला होता.

आमचं मैदान म्हणजे भात कापून झालेली खाडीलगतची जमीन. तिच्यापलीकडे मातीचा लांबलचक बांध, आणि बांधापलीकडे खाडी. त्या बांधाच्या जिवावर आसपासच्या चार गावांचं भात पिकायचं. एकदा खारं पाणी आत शिरलं की तीन-तीन वर्षं त्या जमिनीत काही होत नाही. पेणच्या पोरांची शेतंही अशाच बांधांमागे होती.

पूर्वार्धात पेणने गोल केला. उत्तरार्धात आम्ही त्यांना त्यांच्या अर्ध्यातून बाहेर येऊ दिलं नाही, पण चेंडू आत जाईना. पंधरा मिनिटं उरली असतील. आप्पासाहेब खुर्चीच्या कडेवर आले होते. त्यांना टेनिस हवं होतं की गोल, हे त्यांचं त्यांनाही कळत नसावं.

तेवढ्यात मागून हिराजी धावत आला. गोल सोडून, सगळं मैदान ओलांडत, माझ्या शेजारून. मला वाटलं, गोलकी स्वतः चढाईला निघाला. शेवटी एकदाची यांनाही घाई झाली, या विचाराने मला भरून आलं. मी ओरडलो, "शाबास, हिराजी! पुढे हो, देतो!"

तो पुढे झाला, पेणच्या गोलाच्या खांबाजवळून पलीकडे गेला आणि तसाच बांधाकडे धावत राहिला. मग मला ऐकू आलं. बांधावरून एक बाई ओरडत होती, "खांड गेली! खांड गेली!"

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. ही हाक कानावर आली की हातातलं टाकून धावायचं. बांध कोणाचा, शेत कोणाचं, विचारायचं नाही. धर्मा गेला. इस्माईलभाई गेला, त्याच्या नावावर वीतभर जमीन नसताना. पेणचा सेंटर हाफ गेला, मग त्यांची पुढची फळी, मग बघे, आणि शेवटी एकदा माझ्याकडे आणि एकदा बांधाकडे बघून त्यांचा गोलकीही गेला.

मैदानात मी, रेफरी आणि चेंडू. चेंडू माझ्या पायाशी. पेणचा गोल दहा पावलांवर, रिकामा.

मी रेफरींकडे पाहिलं. ते घड्याळाकडे पाहत होते.

"मी शिट्टी दिलेली नाही," ते म्हणाले. "खेळ चालू आहे."

खुर्चीवरून आप्पासाहेब उभे राहिले होते. "अरे मार! बघतोस काय? बरोबरी होतेय, मार!"

लांब बांधावर दोन रंगांचे शर्ट एका रांगेत उभे राहिलेले दिसत होते. चिखलाची ढेपळं हातोहात पुढे सरकत होती. भगदाडाच्या तोंडाशी कोणीतरी पाण्यात आडवं झालं होतं. एवढ्या लांबून तो हिराजी होता की पेणचा कोणी, ते कळत नव्हतं. रांगेत एका ठिकाणी माणसाएवढी फट होती आणि तिथे ढेपळं खाली पडत होती.

"खेळ चालू आहे," रेफरी पुन्हा म्हणाले.

मी वाकलो, चेंडू उचलून काखेत मारला आणि बांधाकडे धावत सुटलो.

मागून शिट्टी झाली.

"हँडबॉल," रेफरी म्हणाले. "फ्री किक, पेण."