पाण्यातले देव

पोर्तुगालमधल्या या गावात मी गणित शिकवायला एकटीच आले आहे. पहिल्या सकाळी चहा करायला मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात गेले, तर खिडकीतल्या काचेच्या पेल्यात एका संताची बोटभर मूर्ती बुडवून ठेवलेली. तीही डोकं खाली, पाय वर!

बाई लाजून हसल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, “मुलगा बोटीवर असतो. त्याचा फोन येईपर्यंत हे असेच राहणार.”

मला हसूच आलं. मी निघाले तेव्हापासून आमच्या देव्हाऱ्यातला गणपतीही ताम्हनात पाण्यात बसला होता. माझा पहिला तास नीट झाल्याशिवाय आई त्याला बाहेर काढणार नव्हती. निघताना मी चिडलेच होते, “अगं, देवाला असं वेठीला धरतात का?”

“मग कुणाला धरू? तिथे माझ्या ओळखीचं दुसरं आहे कोण?”

माझी स्वतःची म्हणावी अशी श्रद्धा फारशी नाही. आईचीच उसनी घेऊन आले आहे. पण त्या दिवशी परक्या वर्गात शिरताना, कुणीतरी आपल्यापायी घरी भिजत बसलंय, एवढं आठवलं आणि आवाज कापायचा थांबला.

तास झाल्यावर आईला फोन केला. गणपती कोरडा होऊन जागेवर बसला. मग मी तिला पेल्यातल्या संताबद्दल सांगितलं. ती हसली नाही. तिने एवढंच विचारलं, “पाणी रोज बदलतात ना गं त्या?”

बाईंच्या मुलाचा फोन अजून आलेला नाही. पाणी मी बदलते.