कागद उचलणारे मंदूबचाचा

मंदूबचाचांची आणि माझी ओळख माझ्या बुटांमुळे झाली. शारजात नोकरीला लागून मला तीनच दिवस झाले होते आणि व्हिसाच्या मेडिकलसाठी ते मला गाडीतून घेऊन चालले होते. बुटांना वर्कशॉपमधला डिंक आणि भुसा चिकटलेला. आपण किती सभ्य आहोत हे दाखवावं म्हणून मी सीटवर पडलेलं वर्तमानपत्र पायाखाली पसरलं आणि त्यावर ऐटीत पाय ठेवले. चाचांनी गाडी बाजूला घेतली. "पाय वर करा," म्हणाले. मी गुडघे छातीशी घेऊन खुराड्यातल्या कोंबडीसारखा बसलो. त्यांनी ते अरबी वर्तमानपत्र काढलं, झटकलं, घडी घालून डॅशबोर्डवर ठेवलं आणि उंच टॉवरमधल्या फ्लॅटांची एक गुळगुळीत इंग्रजी जाहिरात माझ्या पायाखाली सरकवली. "ह्याच्यावर ठेवा खुशाल. ह्यात सगळं खोटंच लिवलंय."

मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. व्हिसा, मेडिकल, लेबर कार्ड, सगळं त्याच्या हातून जातं. चाचा दापोलीकडचे कोकणी मुसलमान. तीस वर्षं इथे काढलेली, त्यामुळे अरबी अस्खलित, हिंदी कामापुरती आणि मराठी अशी की माझ्या पुणेरी मराठीला लाज वाटावी. आमची कंपनी फर्निचर बनवणारी. ऑफिस रोल्लाजवळ, वर्कशॉप इंडस्ट्रियल एरियात. मी एच.आर.मध्ये, म्हणजे साहेबाच्या मनातलं सभ्य इंग्रजीत लिहून देणारा.

चाचांचा कोट कायम फुगलेला असायचा. रस्त्यात अरबी अक्षरांचा कागद पडलेला दिसला की ते वाकायचे, उचलायचे, खिशात टाकायचे. शवर्म्याचं वेष्टन, कॅलेंडरचं फाटकं पान, काहीही. त्यावर एखादं पाक नाव असलं तर लोकांच्या पायाखाली जाऊ नये म्हणून. साठीच्या माणसाला गुडघेदुखी असताना दिवसातून चाळीस वेळा वाकायचं, हा खेळ नव्हता. मी एकदा म्हटलं, चाचा, महापालिकेनं तुम्हाला पगार द्यायला हवा. ते म्हणाले, "भाऊ, पगार घेतला की मग ती नोकरी."

शुक्रवारी ते अल मजाजला आमच्या घरी चहाला येत. माझ्या बायकोला वयनी म्हणत आणि तिच्या आंबोळीला नावं ठेवत चार खात.

आमचा मोठा साहेब युरोपातला. तिकडे कुठे चित्रावरून नाहीतर पुस्तकावरून कुणा माथेफिरूनं सुरा चालवला की साहेब पॅन्ट्रीत कॉफीचा मग घेऊन उभा राहायचा आणि नेमका चाचांना विचारायचा, तुझं यावर मत काय? एवढ्या मोठ्या ऑफिसात मत फक्त चाचांकडेच असल्यासारखं. एकदा चाचा त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाले, साहेब, सुरा घेऊन जाताना त्यांनी मला विचारलं नव्हतं. बाहेर आल्यावर मात्र ते भडकले. "हे सुरेवाले हरामखोर. ज्याचं नाव घेऊन गळे कापतात, त्याला ह्यांच्या सुरीची गरज हाय? आनि हा दुसरा, दर वेळी माझ्याच तोंडाकडे बघतो, रक्त लागलंय का म्हणून." दोघांवरचा राग एकाच माणसाच्या छातीत कसा मावतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मग सदाचं प्रकरण झालं. सदा सुतार आजऱ्याकडचा, तेरा वर्षं आमच्या वर्कशॉपमध्ये. जेवायला बसताना खाली कागद पसरायचा आणि काटे-हाडं त्यावरच काढून ठेवायची, ही आपल्याकडची साधी सवय. त्या दिवशी त्यानं बांगडा खाल्ला तो एका अरबी वर्तमानपत्रावर. त्या पानावर कुणा मोठ्या व्यापाऱ्याच्या निधनाची जाहिरात होती आणि वर, अशा जाहिरातीत असते तशी, कुराणातली आयत. आमच्या स्टोअरकीपरनं ते पाहिलं. या गड्यानं वर्षभरात दाढी आणि मोबाइलवरची प्रवचनं दोन्ही वाढवलेली. त्यानं फोटो काढला, कंपनीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की असल्याचा हात तोडायला हवा. संध्याकाळी पोलिसांत जाणार म्हणून सांगत सुटला. इथे कुठल्याही धर्माचा अपमान हा गुन्हा आहे. तक्रार झाली असती तर तुरुंग, दंड आणि मग देशाबाहेर.

चाचा आणि मी वर्कशॉपला पोचलो तेव्हा सदा लाकडाच्या ढिगामागे बसला होता. चाचांनी विचारलं, तुला कळलं नाय काय लिवलंय ते? तो म्हणाला, "चाचा, मला मराठी वाचायला येळ लागतो. हे तर उलट्या बाजूनं लिवलेलं."

चाचा स्टोअरकीपरकडे वळले. कोटाचे चारही खिसे त्याच्या टेबलावर रिकामे केले. कागदांचा ढीग झाला. हे सकाळपासूनचे, म्हणाले, तू किती उचललेस? मग त्यांनी त्याचा मोबाइल पुढे सरकवला.

"ह्या फोटोत कागद जमिनीवर हाय. वर काटे हायत. तू फोटो काढायला वाकलास, बेटा. उचलायला का नाय वाकलास?"

स्टोअरकीपरनं फोटो पुसून टाकला. फोटो अजून कुठे-कुठे गेलाय ते त्याला आठवत बसावं लागलं, आणि ज्यांना गेला होता त्यांना चाचांनी समोर उभं राहून एकेक फोन लावायला लावला. शेवटी तो सदाजवळ जाऊन उभा राहिला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण हात पुढे केलेला मी पाहिला. खलास. प्रकरण मिटलं. निदान मला तसं वाटलं, कारण मी मूर्ख होतो.

साहेबानंही फोटो पाहिला होता. त्यानं आम्हाला बोलावलं आणि वीस मिनिटं व्याख्यान दिलं. आमच्याकडे माणूस पुस्तक जाळू शकतो, हे लोक अजून हात तोडण्यातच अडकलेत, वगैरे. मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाला, त्या सुताराला काढून टाका, दोन दिवसांत विमानात बसवा, कंपनीचं नाव यात नको. मंदूबला सांग, मी त्याच्या माणसाला त्याच्याच लोकांपासून वाचवतोय.

चाचा मराठीत बोलू लागले. त्यांना हवं होतं की मी साहेबाला इंग्रजीत शब्द न् शब्द सांगावा. ते म्हणाले, "जो हात तोडायचं म्हणत होता, त्यानं माफी मागितली. तक्रार कुठेच नाय. आता ह्या गरिबाला शिक्षा देनारे फक्त तुम्ही, साहेब. आनि माझे लोक कोन? सदा माझा मानूस हाय. तुमच्या पुस्तक जाळन्याच्या गोष्टी तुमच्या घरी. हितं एक मानूस मासळी खाऊन उठला, त्याच्या बाजूनं एवढं तरी उभे रहा."

साहेब माझ्याकडे पाहत होता. मी घसा खाकरला आणि इंग्रजीत म्हणालो, "ते आपल्याला फेरविचाराची विनंती करतायत."

चाचांना तेवढं इंग्रजी नक्कीच कळत होतं. "मी एवढं बोललो," ते मला म्हणाले, "त्याचं एवढंच झालं, साहेब?"

तोवर मी त्यांचा भाऊ होतो.

सदाचं पत्र मीच लिहिलं. कारण म्हणून 'पुनर्रचना' हा शब्द घातला, जणू माणूस म्हणजे ऑफिसातलं पार्टिशन. सदानं ते उलटसुलट धरून विचारलं, ह्यात काय वंगाळ तर न्हाई ना? मी म्हणालो, नाही. चाचांनी त्याचा व्हिसा रद्द करायला नकार दिला. तीस वर्षांतला त्यांचा पहिला नकार. ते काम बाहेरच्या माणसाकडून झालं, सदा संध्याकाळच्या विमानानं गेला आणि चाचांनी आपला राजीनामा माझ्याच टेबलावर ठेवला. महिन्याभरात तेही दापोलीला गेले. जायच्या आदल्या दिवशी घरी माझ्या बायकोला भेटायला आले, तेव्हा मी ऑफिसात होतो. माझी वेळ त्यांना पाठ होती.

त्या संध्याकाळी घरी माझा स्फोट झाला. चहा निवत होता आणि मी खोलीत येरझाऱ्या घालत बोलत होतो. दोन तोंडांचा माणूस आहे हा साहेब, म्हटलं. सुऱ्याला घाबरतो आणि पत्रानं माणूस कापतो. चाचांसारख्या माणसाला दर वेळी आरोपीसारखं उभं करतो, आणि खरी वेळ आली तेव्हा त्या दाढीवाल्या पोराला लाज वाटली, ह्याला तीही नाही. स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या भित्र्या, तुझ्या तोंडावर सांगतो, म्हणून मी भिंतीकडे बोट रोखलं.

बायको शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं कप उचलले.

"छान बोललास," ती म्हणाली. "आता हेच इंग्रजीत सांग बघू."