स्कॅन साफ आला म्हणून वाटलेले पेढे

शाळेत कविता म्हणताना गुरुजी टेबलावर तळहाताने ताल धरायचे. तो आवाज अजून कानात आहे. आमच्या घरीही तशाच कविता चालायच्या. मी एक ओळ म्हणायची, पोळ्या लाटता लाटता बायकोने, सुधाने, पुढची.

गेल्या महिन्यात गंगापूर रोडला रिक्षा उलटली आणि सुधाच्या डोक्याला मार लागला. सीटी स्कॅन साफ आला. आम्ही कॉलनीत पेढे वाटले, तिथेच चुकलं. पेढे खाल्लेल्यांच्या लेखी ती बरी झाली होती.

पण तिला पुढची ओळ आठवेना, आवाज सोसेना. नागलीचे पापड करायला देवळ्याहून तिची बहीण शोभा आली, तिच्या मोठ्याने बोलण्यावरही सुधा ओरडली. “स्कॅन नॉर्मल आलाय ना ताई, मग नाटकं कशाला?” म्हणत शोभा पापड अर्धवट टाकून निघून गेली.

आज दुसऱ्या डॉक्टरांनी नवे रिपोर्ट दाखवले. मेंदूला इजा झाली की त्यातली काही प्रथिनं रक्तात उतरतात. ती सुधाच्या रक्तात वाढलेली होती. सीटीत न दिसलेले रक्तस्रावाचे बारीक ठिपके एमआरआयमध्ये दिसले. कितपत भरून येईल, सांगता येत नाही म्हणाले.

सुधा एवढंच म्हणाली, “म्हणजे मी नाटक नव्हते करत.” आणि रडली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून गप्प बसवलंय का?

हे लिहीत होतो तर दारात शोभा. रिपोर्टचं तिला कुणीच कळवलेलं नाही.

“दाजी, ताई झोपली असली तर उठवू नका,” ती अगदी हळू म्हणाली. “मी बसते इथंच.”