आवणीच्या दिवशी सत्कार

बातमी अकरा ओळींची होती. ठाण्याहून निघणाऱ्या एका दैनिकाचं पालघरचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. बातम्यांचं पाकीट दुपारच्या शटलने जात असे. आषाढात बातम्यांचा तुटवडा असतो. रस्ते खराब, सभा बंद, पुढारी मुंबईत. त्यामुळे एरवी आतल्या पानाच्या तळाशी गेली असती ती बातमी त्या वर्षी चौकटीत लागली.

मजकूर साधा होता. बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात गावकरी दरवर्षी एक दिवस स्वतःची शेती बाजूला ठेवून एका माजी सैनिकाच्या शेतात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करतात. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंग फुटून या सैनिकाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आहे. यात चुकीचं एक अक्षर नव्हतं.

लष्कराने त्याला पाय दिला होता. तो पाय डांबरी रस्त्यावर चाले, शाळेच्या पायऱ्या चढे, एस.टी.त बसे. खाचरात मात्र चालत नसे. चिखलात तो घोट्यापर्यंत रुते, आणि उपसायला गेलं की पट्टे सुटून पाय आत राही, माणूस बाहेर. पहिल्या वर्षी त्याने हे दोनदा करून पाहिलं. दुसऱ्या वेळी शेजारचे दोघे बांधावर उभे होते. त्यांनी पाय काढून दिला, धुऊन दिला, आणि संध्याकाळी गावात काहीतरी ठरलं. कुणी ठरवलं ते मला कधीच नक्की कळलं नाही. विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगे.

त्या दिवसाला गावात वेगळं नाव नव्हतं. पण तो आठवडाभर आधी ठरवावा लागे, कारण बोईसरचे कारखाने सुरू झाल्यापासून गावातली निम्मी तरणी माणसं पाळीवर जात होती. कुणी रजा टाकी, कुणी दुसऱ्याशी पाळी बदलून घेई. पहिल्या पाळीचे दुपारनंतर येत, दुसऱ्या पाळीचे अडीचपर्यंत राबून सायकलीवर बसत. पाच खाचरं होती. पहाटे रोप उपटायचं, नांगर चिखलात फिरवायचे, आठाला लावायला सुरुवात करायची, दिवस मावळायच्या आत पाचही खाचरं हिरवी. तो बांधावर खुर्ची टाकून बसे आणि हुकूम सोडी.

"लाइन सीधी! ओ दादा, परेडला हायस का वरातीत?"

"तू खुर्चीवरून बोल. हितं कंबर मोडली माझी."

"मोडू दे. सरकारला सांगून तुलाबी नवी बसवू."

त्याची बायको दुपारी मोठ्या टोपात भात आणि सुक्या बोंबलांचं कालवण घेऊन येई. हे मी दोन वर्षं पाहिलं होतं, मग लिहिलं. पाच खाचरांचा तांदूळ हे त्या घराचं वर्षभराचं खाणं होतं.

बातमी छापून आल्यावर चार दिवसांनी बोईसरच्या एका क्लबचे सेक्रेटरी पालघरला माझ्या खोलीवर आले. कारखान्यांतले अधिकारी, दोन डॉक्टर, काही व्यापारी असा तो क्लब होता. सेक्रेटरी सभ्य गृहस्थ होते. छत्री दाराबाहेर उघडी ठेवून आत आले.

"आमचं वर्ष जुलैत सुरू होतं," ते म्हणाले. "नवे अध्यक्ष, नवी कमिटी. पहिला कार्यक्रम चांगला व्हावा अशी इच्छा आहे. तुमची बातमी वाचून अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या जवानाचा सत्कार करायचाय. तोही त्याच्या गावात, गावकऱ्यांसमोर."

मी चांगली कल्पना आहे म्हणालो.

"अडचण एकच. गाव एकत्र कधी असतं? कामाची माणसं. आम्ही जायचो आणि समोर दहा म्हातारे बसलेले असायचे."

मला दिवस ठाऊक होता. त्या जवानानेच दोन दिवसांपूर्वी स्टेशनवर भेटून सांगितला होता, "या, जेवायलाच या." मी तो सेक्रेटरींना सांगितला. त्या दिवशी सगळे असतात, असंही म्हणालो.

माझ्या मनात काय होतं ते सांगता येईल. चार माणसं बांधावर येतील, शाल घालतील, एक फोटो होईल, पंधरा मिनिटांत लोक पुन्हा खाली उतरतील. असं मी धरून चाललो. विचारलं नाही. बातमीदाराने जे विचारायला हवं, ते मी माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत विचारलं नाही.

छापील पत्रिका गावात पोचली ती आदल्या दिवशी. स्थळ प्राथमिक शाळा, वेळ सकाळी दहा, वेळेवर उपस्थित राहावे ही विनंती. तारीख आवणीचीच. पत्रिका छापल्यावर तारीख हलवायची रीत आपल्याकडे नाही, आणि ज्यांच्या रजा त्याच दिवसाच्या होत्या त्यांना दुसरा दिवस काढता येत नव्हता. गावाने हिशेब केला, की पहाटेपासून दहापर्यंत रोप उपटून घ्यायचं, चिखल करून ठेवायचा, अर्धा-पाऊण तास शाळेत बसायचं आणि मग लावायला उतरायचं. कार्यक्रमाला नाही म्हणावं असं कुणाला वाटलं नाही. एक जण मला म्हणाला, "आपल्या माणसाचा मान हाय. नाय कसं म्हणायचं?"

मी साडेनऊला पोचलो तेव्हा माणसं विहिरीवर पाय धूत होती. खाचरांच्या कडेने रोपाच्या मुठी रचून ठेवलेल्या होत्या. एकदा उपटलेलं रोप त्याच दिवशी लागलं पाहिजे, फार तर दुसऱ्या दिवशी. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि छातीवर पदकं लावली होती. ती लावलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

दहा वाजले, अकरा वाजले. क्लबची माणसं आलेली होती, बॅनर बांधलेला होता, पण प्रमुख पाहुणे मुंबईहून मोटारीने यायचे होते. साडेअकराला दोन-तीन माणसं हळूच उठून खाचराकडे निघाली, तेव्हा सेक्रेटरी त्यांना हात जोडून परत घेऊन आले. "पाहुणे रस्त्यात आहेत. रिकाम्या शाळेत त्यांना कसं आणायचं?" माणसं परत बसली. पाहुणे पाऊण वाजता आले. रस्त्याबद्दल बोलले, मग हार घातले गेले.

मानपत्र मोठ्या चौकटीत होतं आणि ते पूर्ण वाचण्यात आलं. शाल, श्रीफळ, त्याच्या बायकोला साडी. तीन भाषणं झाली. अध्यक्ष मनापासून बोलले, त्यांचा आवाज दोनदा भरून आला. ते ढोंग करत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मग त्यांनी सत्कारमूर्तींना दोन शब्द बोलायची विनंती केली.

तो माइकसमोर उभा राहिला. "मला बोलता येत नाय," तो म्हणाला. "तुमी लांबून आलात, मोठं मन तुमचं. पण आता माणसं सोडा साहेब. रोप उपटून पडलंय."

हशा झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्या क्लबने वाजवल्या. अध्यक्ष माइकपाशी आले. "पाहा मंडळी! गणवेश उतरला, पण जवान आजही कर्तव्य विसरलेला नाही!" पुन्हा टाळ्या. तो तिथेच उभा होता, शाल खांद्यावरून घसरत होती. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी लिहून घेत होतो.

त्यानंतर आभारप्रदर्शन झालं, नाश्त्याच्या पुड्या वाटल्या, पायऱ्यांवर सामुदायिक फोटो झाला. उंचीप्रमाणे उभं राहण्यात वेळ गेला. सगळं आटोपलं तेव्हा सव्वादोन वाजले होते.

दुसऱ्या पाळीची माणसं सायकली काढू लागली. शर्ट आधीच घातलेले होते, तेवढं बरं झालं असं एक जण म्हणाला. दुसरा माझ्यापाशी थांबला.

"पेपरवाले, आमी जातो. आता तुमीच उतरा चिखलात. बातमी लावता तसं रोप लावा."

त्याच्या बरोबरचा हसला. मीही हसलो. उरलेल्या बायका आणि काही म्हातारी माणसं लुगडी-धोतरं खोचून खाली उतरली. पहिल्या पाळीवरून सुटलेले काही जण नंतर आले असावेत. मी थांबलो नाही. कार्यक्रमाची बातमी त्याच दिवशी पाठवायची होती आणि दुपारची शटल चुकली होती, म्हणून पालघरला जाऊन फोनवर ती सांगितली. त्यात एक वाक्य असं होतं: या प्रसंगी ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते.

सत्काराच्या बातम्या मी त्याआधीही केल्या आणि नंतरही पुष्कळ केल्या. त्यांचा साचा ठरलेला असतो. नावांचा क्रम चुकला तर तक्रार येते, बाकी कशाबद्दल येत नाही. शाल घेतलेला माणूस घरी गेल्यावर काय करतो हे पाहायला कुणी जात नाही, आणि मीही गेलो नसतो. पण क्लबने फोटोची एक प्रत माझ्याकडे पोचवायला दिली होती, म्हणून चौथ्या दिवशी गेलो.

घरात कुणी नव्हतं. शेताकडे गेलो. पाचांपैकी अडीच खाचरं लागलेली होती. तिसऱ्याच्या मध्यावर दोघं नवराबायको होती. ती वाकून लावत होती. तो चिखलात बसला होता. पाय काढून बांधावर ठेवलेला होता, फडक्यात गुंडाळून. तो बसल्या जागेवरून हात पोचतील तेवढी रोपं लावी, मग दोन्ही हात चिखलात रोवून स्वतःला मागे ढकली आणि पुन्हा लावी. छातीपर्यंत चिखल होता. ओळ सरळ होती. मुठींमधलं रोप पिवळं पडलेलं होतं.

तिने आधी पाहिलं. "या भाऊ. आज कोणाचा सत्कार?"

"फोटो आणलाय," मी म्हणालो.

"हात चिखलाचे हायत. ओटीवर ठेवा."

त्याने मान वर केली. "कसा आलाय?"

"चांगला आलाय. सगळं गाव आहे त्यात."

"ह्या," ती म्हणाली, "गाव फोटोत हाय म्हणून तर शेतात नाय." मग माझ्याकडे न बघता, "उरलेल्या माणसांनी अंधार पडंस्तोवर लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांची आपापली आवणी. किती दिवस त्यांना बोलवायचं?"

"अगं, राहू दे," तो म्हणाला. "शहरातली माणसं. त्यांना काय ठावं?"

"त्यांना नसंल ठावं." तिने मुठीतलं रोप झाडलं. "यांना ठावं व्हतं."

तो पुढचं रोप रोवू लागला.  मी म्हणालो की क्लबला सांगतो, ते चार मजूर नक्की पाठवतील.

"नको भाऊ." तो दमून हसला. "मजूर आले की मागून फोटोवाला येईल."

मी चपला काढल्या आणि खाली उतरलो. मुठी उचलून त्या दोघांपर्यंत पोचवत राहिलो, कारण मी लावलेली पहिली ओळ तिने उपटून पुन्हा लावली होती. संध्याकाळपर्यंत तिसरं खाचर झालं. उरलेल्या दोहोंना त्यांना आणखी पाच दिवस लागले, असं नंतर कळलं.

त्या दोन खाचरांत दिवाळीला लोंब्या आल्या, पण निम्म्या पोकळ. होळीच्या आधीच त्यांच्याकडे दुकानाचा तांदूळ आला. गावातून दोन घरांनी पायली-पायली भात नेऊन दिलं. त्याची बातमी कुणी मला सांगितली नाही. ती मला एस.टी.त ऐकू आली.

पुढच्या जुलैच्या सुरुवातीला सेक्रेटरी पुन्हा आले. ते आता सेक्रेटरी नव्हते, अध्यक्ष झाले होते. मागच्या कार्यक्रमाचं फार कौतुक झालं होतं. या वर्षी जवानाला चाकाची खुर्ची द्यायची होती.

"गाव कधी जमतंय यंदा?" त्यांनी विचारलं.

"खुर्ची चिखलात चालत नाही," मी म्हणालो.

"तसं नाही, दिवस कुठला आहे?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. ते खरंच होतं. त्या वर्षी तो स्टेशनवर भेटला नव्हता आणि जेवायला या असा निरोपही आला नव्हता. खुर्ची पुढे दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

आषाढ संपता संपता तारापूरला जाताना खिडकीतून शेत दिसलं. पाचही खाचरं लागलेली होती, कडेपासून कडेपर्यंत, एकाच दिवशी लावलेली असावीत अशी. श्रावणात तो बोईसरच्या बाजारात भेटला. पिशवीत सुकी मासळी होती. आम्ही थोडा वेळ पावसाबद्दल बोललो.

"आवणी झाली?" मी विचारलं.

"झाली."

"कोणत्या दिवशी केली यंदा?"

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "झाली की," तो म्हणाला.