हातमोज्याचे दात

धान्य ओढणाऱ्या यंत्राने ओरेस्ट बाबियुकचे दोन्ही पाय गुडघ्यापासून नेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. हार्लो गावाने तीन आठवडे हळहळ केली, आईकडे पेरोगींचे, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांचे, डबे पोचवले आणि मग त्याला स्लेज हॉकीच्या घसरगाडीवर बसवून बर्फावरच्या गोलात ढकललं. कॅनडातल्या सस्कॅचवानात बसून राहिलेला माणूस कोणाला बघवत नाही.

गोल त्याला मानवला. गोलरक्षकाच्या एका हातात काठी, दुसऱ्यात जाडजूड हातमोजा आणि हातमोज्याखाली लोखंडी दात. ते बर्फात रोवून स्वतःला इकडून तिकडे फेकायचं. दात लांब तितकी पकड घट्ट, म्हणून लांबीला नियम आहे. पण देशाच्या संघाच्या निवडीसाठी आपसात होणाऱ्या सामन्यात आपल्याच माणसाचे दात मोजायला कोणी लावत नाही. घरी जेवायला बोलावून पाहुण्याचे खिसे तपासण्यातला प्रकार तो.

ओरेस्टने तो केला होता. चौदा वर्षांपूर्वी, भर सामन्यात, पंचाला हात करून. समोरच्या गोलात मर्डो गिलिस होता, देशाचा गोलरक्षक, ओरेस्टला खेळ शिकवणारा. त्याचे दात नियमापेक्षा केसभर लांब निघाले. मर्डो घरी बसला, ओरेस्ट संघात गेला.

मर्डोने त्यावर चकार शब्द काढला नाही. उलट पुढच्याच शनिवारी म्हणाला, "गाढवा, धार लावायची अक्कल नाही तुला. आण इकडे."

तेव्हापासून दर शनिवारी मर्डोने आपल्या शेडमध्ये दात घासावेत आणि ओरेस्टने त्याच्या बायकोच्या हातचा ॲपल पाय खावा, असं सुरू झालं. मर्डोने माफ केलं, असं ओरेस्टने धरून टाकलं. स्वतःच्या सोयीचं धरायला काय लागतं?

आता ओरेस्ट अडतिसाचा. जागतिक स्पर्धेच्या संघात एकच जागा उरलेली, आणि तिच्यासाठी तो किंवा वेड पेनर. ही हुकली की त्याचा खेळ संपला, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"खांदा गेलाय रे," तो मर्डोला म्हणाला. "डावीकडे पोचतच नाही."

"दात जरा लांब ठेवतो. पोचशील."

"आणि कोणी मोजले तर?"

"आपल्यात कोण मोजतंय?" मर्डो म्हणाला, आणि दोघंही हसले.

निवडीच्या सामन्यात ओरेस्ट पोरासारखा खेळला. डावीकडचे सगळे फटके अडवले. शेवटची चार मिनिटं उरली असताना पलीकडच्या गोलातून वेडने हात वर केला. "पंच, त्याचे दात मोजा."

पंचाने पोलादी पट्टी लावली. दात लांब निघाले. प्रशिक्षक लोर्न दुचेक एवढंच म्हणाला, "ओरेस्ट, सामान आवर."

वेड जवळून सरकत गेला, नजर खाली. "मला काय माहीत? म्हाताऱ्याने सांगितलं."

मर्डो दारापाशी व्हीलचेअरवर कॉफी पीत होता. अंगात देशाच्या संघाचं जुनं जाकीट.

"का रे?" ओरेस्टचा आवाज फाटला. "चौदा वर्षं माझे दात घासलेस तू!"

"हो. चौदा वर्षं माझ्या टेबलावर जेवलास. एका शनिवारी तरी 'चुकलो' म्हणशील, म्हणून वाट बघत होतो."

ओरेस्टने तोंड उघडलं. मर्डोने कॉफीचा कप कचऱ्यात टाकला, चाकं फिरवली आणि तो निघून गेला.