पाऊण नंबर कमी

चष्म्याच्या त्या दुकानात गिऱ्हाइकांना दिसायचा तो पुढचा भाग. तिथे आरसे, फ्रेमांच्या रांगा आणि गोडबोले मालक. खरं काम चालायचं मागच्या खोलीत. तिथे एक खिडकी, एक नळ, पाण्याच्या धारेखाली फिरणारी काचा घासायची चकरी, आणि चकरीसमोर स्टुलावर एकतीस वर्षं बसलेला एक माणूस. त्याला सगळे भिंगवाले म्हणत. काचेच्या पांढऱ्या गाळाने त्यांच्या नखांच्या कडा कायम भरलेल्या असत. हातात काच घेऊन ती खिडकीसमोर जरा हलवली की नंबर सांगत, आणि यंत्रावर तोच निघे. असा माणूस जरा अभिमानी असायचाच. तसे ते होते.

त्यांना लेक एकच. तिचं लाडाचं नाव खार. चार वर्षांची असल्यापासून ती हातात येईल ते दोन्ही हातांनी धरून थेट नाकाशी न्यायची. पुस्तक असो, बिस्कीट असो, बाहुली असो. पाहुणे हसायचे, भिंगवालेही हसायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांचं काम करणाऱ्या माणसाला घरातले डोळे दिसले नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आठव्या वर्षी शाळेतून चिठ्ठी आली. मुलगी फळ्यावरचं उतरवून घेत नाही, शेजारणीच्या वहीतलं घेते, असं वर्गाच्या बाईंनी लिहिलं होतं. दुकानात आठवड्यातून दोन दिवस डोळे तपासायला एक बाई येत. त्यांनी खारीला तपासलं आणि कागदावर दोन्ही डोळ्यांसमोर अडीच लिहिलं. तो कागद घेऊन भिंगवाले मागे गेले आणि कपाटातून काचांची पाकिटं काढली. अडीचचं पाकीट हाताला लागलं होतं. त्यांनी ते परत ठेवलं आणि पावणेदोनचं घेतलं.

असं का, तर ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे ते काम शिकले, त्याने त्यांच्या मनावर एक गोष्ट कोरून ठेवली होती. डोळ्याला पुरता नंबर दिला की तो ऐदी होतो. थोडा कमी द्यावा, म्हणजे डोळा स्वतः ताकद लावतो आणि नंबर थांबतो. गिऱ्हाइकाच्या चष्म्यात भिंगवाल्यांनी असला खेळ कधी केला नाही. तिथे कागद म्हणजे कागद. पण ही पोटची पोर. तिच्यासाठी त्यांनी आपलं खास ज्ञान वापरलं.

खार म्हणाली, "बाबा, बाईंच्या खोलीत जास्त चांगलं दिसत होतं."

"नवा चष्मा आहे. सवय झाली की दिसेल," ते म्हणाले.

तिला सवय झाली, पण अंधुक बघायची.

नंबर थांबला नाही. दहाव्या वर्षी साडेचार, बाराव्या वर्षी सहा. दर वेळी भिंगवाले कागदावरून पाऊण, पुढे पुढे तर एक, दीड नंबर कमी करत गेले. नंबर वाढला की त्यांना वाटायचं, पुरता दिला असता तर आतापर्यंत केवढा झाला असता. एकदा माणूस असा हिशोब मांडून बसला की त्याला हरवणं देवालाही जमत नाही. तपासणाऱ्या बाईंनी तो चष्मा यंत्राखाली धरून कधी पाहिला नाही. भिंगवाल्यांनी स्वतः बसवलेल्या काचा पुन्हा कोण मोजणार?

बाईंनी दोन गोष्टी मात्र सांगितल्या होत्या. एक, मुलीला रोज दोन तास तरी उजेडात, मोकळ्यावर खेळू द्या. वाढत्या वयात डोळ्याला त्याचा फायदा होतो. दुसरी, नंबर भराभर चढतोय तर मोठ्या डॉक्टरांना दाखवा, त्याचा वेग कमी करणारे थेंब मिळतात. घरी खारीच्या आईने दोन्ही गोष्टी लावून धरल्या. पण मैदानावर खारीला चेंडू अंगावर आल्यावरच दिसायचा. मुली तिला संघात घेईनात, मग ती घरात पुस्तकात तोंड घालून बसू लागली. थेंबांचं नाव काढलं की भिंगवाले म्हणत, चांगल्या डोळ्यात औषध घालून खेळ करायचा नाही. आई एकदा वैतागून म्हणाली की चांगला असता तर एवढ्या जाड काचा कशाला लागल्या असत्या? त्यावर ते जेवणाच्या ताटावरून उठले आणि तो विषय त्या घरात बंद झाला.

खार सोळा वर्षांची झाली तेव्हा नव्या कॉलेजात सगळ्या मुलींची तपासणी झाली. तिथल्या माणसाने आधी तिचा चष्मा यंत्राखाली धरला, मग डोळे पाहिले. चष्मा आठचा होता, डोळे साडेनऊचे. त्याने तिच्या डोळ्यांवर तपासणीची जड फ्रेम चढवली, त्यात पुरत्या नंबरच्या काचा घातल्या आणि सहज म्हणाला, जरा खिडकीबाहेर बघ. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. खारीला चिमटे दिसले, एकेक सुटा चिमटा.

संध्याकाळी ती घरी आली आणि चष्मा काढून वडिलांसमोर टेबलावर ठेवला.

"हा चुकून कमी झाला, की मुद्दाम?"

भिंगवाल्यांना खोटं बोलता आलं असतं. काच बदलली गेली म्हणाले असते तर चालून गेलं असतं. पण कामाच्या बाबतीत खोटं त्यांच्या तोंडातून निघेना.

"मुद्दाम. तुझ्या भल्यासाठी."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

ती भांडली नाही, रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेली आणि दुसऱ्या दुकानातून चष्मा करून आणला. भिंगवाल्यांना तो घाव वर्मी बसला. नवा चष्मा तिच्या नाकावर होता, आणि त्याच्या काचांच्या कडा ओबडधोबड घासलेल्या आहेत हे त्यांना दारातूनच दिसलं.

महिन्याभराने मात्र ते दुकानातून सुट्टी काढून, घरी न सांगता मोठ्या डॉक्टरांकडे गेले. सोबत खारीचे सगळे जुने कागद नेले होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, खारीहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी कागद एकावर एक लावून पाहिले आणि शांतपणे सांगितलं, की कमी नंबर दिल्याने डोळा थांबत नाही, उलट काही मुलांत जास्तच वाढल्याचं दिसलं आहे. हिचा त्यामुळे किती वाढला आणि मुळातच किती वाढणार होता, ते आता कुणी सांगू शकणार नाही.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"आता पडदा सांभाळायचा. एवढ्या नंबरचा डोळा आतून लांब झालेला असतो, त्यातला पडदा ताणून पातळ होतो. दर वर्षी थेंब घालून, डोळ्याची बाहुली मोठी करून तपासून घ्या. आणि डोळ्यात वीज चमकल्यासारखी वाटली, काळे ठिपके उडायला लागले, बाजूने सावली आली, तर त्याच दिवशी यायचं. उद्यावर टाकायचं नाही. हे मुलीला नीट सांगा."

त्यांनी मान डोलावली. घरी येताना वाक्यं मनात जुळवत आले. पण ती सांगायची म्हणजे आपण गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आलो, आणि तिथे काय ऐकलं, हे सगळंच आलं. खार त्यांच्याशी गरजेपुरतं बोलत होती. त्या दिवशी जमलं नाही. पुढच्या रविवारी बोलू, असं मनाशी म्हणाले. मग परीक्षा होती. मग राहूनच गेलं. अशी तीन वर्षं गेली. ओठांवर आलेलं त्यांनी इतक्या वेळा गिळलं की पुढेपुढे त्याची त्यांना सवयच झाली.

खार एकोणीस वर्षांची असताना ऐन परीक्षेत तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात लखलखायला लागलं. तिला वाटलं, वाचून वाचून डोळे थकले. दुसऱ्या दिवशी काजळी उडाल्यासारखे ठिपके दिसू लागले. डोळ्यांबद्दल बोलायचं नाही हा त्या घरातला न सांगितलेला नियमच झाला होता. तिने पेपर दिले. पाचव्या दिवशी दुपारी, भिंगवाले जेवायला घरी आले होते, तेव्हा ती भिंत चाचपत स्वयंपाकघरात आली.

"बाबा, डाव्या बाजूने काळं येतंय. पडदा ओढल्यासारखं."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "आधी चमकलं होतं?"

"चार दिवसांपूर्वी."

ते तसेच उष्ट्या हाताने उठले.

डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवस खार मान खाली घालून बसली आणि पालथी झोपली, कारण डोळ्यात भरलेल्या वायूने पडदा जागेवर दाबून धरायचा होता. आई चमच्याने भरवायची. पण पडद्याचा मधला भाग आधीच सुटला होता. डाव्या डोळ्याला पुढे फक्त समोर हललेला हात कळायचा. उजव्या डोळ्यातही एक विरलेली जागा सापडली, ती लेसरने वेळेत बंद केली. तो डोळा वाचला.

पट्टी निघाली त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर खार त्यांना म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मला चमकलं का म्हणून विचारलंत. मी तर चमकल्याचं नावही काढलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

आई मध्ये बसली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, लेकीचा हात धरला.

भिंगवाले अजून दुकानात जातात. लहान मुलाचा चष्मा असला की ते आता उठून बाहेर येतात, आईबापांना बाहेर खेळण्याचं सांगतात, थेंबांचं सांगतात. अंगात येतं की काय यांच्या, असं मालक कुरकुरतात. मध्यंतरी एक बाप म्हणाला, थोडा कमीच द्या, म्हणजे काबूत राहील. भिंगवाले त्याला म्हणाले, "मी माझ्या मुलीला तसाच दिला. तिचा एक डोळा गेला." त्या बापाने पोराचा हात धरला, फ्रेम काउंटरवर ठेवली आणि तो निघून गेला. कुठल्या दुकानात गेला, देव जाणे.

खार शिकली, नोकरीला लागली, ऑफिसजवळ खोली घेऊन राहते. दर सहा महिन्यांनी पडदा तपासायला येते तेव्हा सोबत आईला नेते. भिंगवाले दोघींच्या वाटेकडे डोळे लावून दारात बसून राहतात. खार परस्पर जाते. आई एकटी परत येते, चपला काढते आणि आत जाता जाता सांगते, "आहे तसाच आहे."