जुनी विलायती, नवी विलायती

आयुष्यात मी दोन मोठ्या विलायती गाड्या बाळगल्या. दोन्ही एकाच कारखान्याच्या, मधे वीसेक वर्षांचं अंतर. त्यातली चांगली कोणती, असं लोक अजून विचारतात. गाड्यांबद्दल बोलायला मला फार आवडतं, पण या प्रश्नाला मी बगल देतो. उत्तर द्यायला लागलो की गोष्ट गाड्यांवर थांबत नाही.

पहिली मी दौंडला घेतली, स्वातंत्र्यानंतर चारेक वर्षांनी. रेल्वेतला एक गोरा अधिकारी मायदेशी निघाला होता आणि लढाईच्या आधीची ती गाडी बोटीवर चढवण्यात त्याला अर्थ वाटत नव्हता. शिरूरमध्ये माझा दवाखाना नुकता बरा चालू लागला होता. डोक्यात हवा जायला तेवढं पुरेसं होतं. आत अक्रोडाचं लाकूड, कातड्याच्या बैठका, आणि पुढच्या बैठकीच्या पाठीला घडीचं टेबल, ज्यावर मी औषधांच्या चिठ्ठ्या लिहीत असे. ड्रायव्हर आणि मालक यांच्यामध्ये जाड काच होती. ती वर सरकवली की मागचं पुढे ऐकू जात नसे. मी ती बाराही महिने बंद ठेवायचो आणि काही सांगायचं असलं की हात वर करून खूण करायचो. समोरच्या आरशात ड्रायव्हरला ती दिसायची. साहेबी थाट, दुसरं काय!

ड्रायव्हरही गाडीबरोबरच आला. दौंडच्याच एका मुसलमान घरातला, लढाईत लष्करी ट्रक चालवून आलेला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्यांना मामा म्हणायचो. बोलणं बेताचं. त्यांच्याशी बोलायला लागलं की ते हातातलं काम खाली ठेवायचे, पूर्ण वळून समोर उभे राहायचे आणि तोंडाकडे बघत ऐकायचे. मला ती जुन्या माणसाची रीत वाटायची. माझ्या मुलांना मी त्यांचं उदाहरण देत असे.

त्या गाडीला सुटे भाग मिळायचे बंद झाले होते. मामांनी चांभाराकडून कातड्याचे वायसर कापून घेतले, लोहाराकडून बैलगाडीच्या धावेचं लोखंड ठोकून स्प्रिंगेचं पान बनवून घेतलं. रोज सकाळी हँडल मारून गाडी सुरू केली की ते बोनेटवर तळहात ठेवून डोळे मिटून मिनिटभर उभे राहायचे. मग आत वाकून एखादा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचे. चालवतानाही त्यांचा डावा हात गिअरच्या लांब दांड्यावरच. दर बुधवारी आम्ही शिरूरहून न्हावरा, वरवंड, पाटस करत दौंडला जायचो, कारण तिथेही मी दिवसभर रोगी तपासत असे. अकरा वर्षांत त्या गाडीने एकदाही मला रस्त्यात उभं केलं नाही. वरवंडच्या चहाच्या हॉटेलात ट्रकवाले मामांना आधी जागा करून द्यायचे आणि आपल्या इंजिनाला काय झालंय ते बघायला न्यायचे.

दुसरी गाडी मी पुण्याच्या एका कारखानदाराकडून घेतली. खरं सांगायचं तर गरज नव्हती. साखर कारखान्यांमुळे लोकांकडे पैसा आला, नव्या मोटारी दिसू लागल्या, आणि माझी म्हातारी गाडी बघून कुणीतरी हसलं. एवढंच कारण. जुनी मी शिक्रापूरच्या एका बागाईतदाराला दिली. ती नेली त्या दिवशी मामा दुपारपर्यंत जेवले नाहीत.

नवी गाडी सुंदर होती, ते नाकारून चालणार नाही. लोण्यासारखी चालायची. इंजिन रबरावर बसवलेलं, खाली जाड गालिचे, त्यामुळे उभी असताना ती चालू आहे की बंद हेच कळू नये. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मधली काच नाही. पण ती जमिनीला फार टेकलेली होती, आणि आमचे रस्ते तिच्यासाठी केलेले नव्हते.

आणि मामा बदलले. निदान मला तसं वाटलं. चालू गाडीला पुन्हा स्टार्टर मारायचे आणि दात करकरल्यासारखा आवाज व्हायचा. गिअर खरडायचे. मधली काच गेल्यामुळे मी आता मागून बोलू लागलो होतो, आणि मामा उत्तरच द्यायचे नाहीत. दोनदा सांगावं, तीनदा सांगावं, मान जागची हलायची नाही. जुनी गाडी विकल्याचा राग ते माझ्यावर काढताहेत, असं मी ठरवून टाकलं. मला राग चटकन येतो आणि आला की पोटात साठतो. तीन-चार महिने तो साठत गेला.

एका बुधवारी दौंडहून परतताना पाटसजवळ गाडीचं पोट एका दगडावर आपटलं. थोड्या वेळाने खालून टक टक असा आवाज येऊ लागला. मी तो चांगला ऐकला. पण इंजिनाचे आवाज हा मामांचा प्रांत, आपण कशाला बोला, म्हणून गप्प बसलो. तेल गळत होतं. त्याचा इशारा देणारा पुढचा बारीक तांबडा दिवा भर उन्हात दिसत नव्हता. टकटक वाढत गेली, मामा शांतपणे गाडी हाकत राहिले, आणि वरवंडमध्ये हॉटेलासमोर एक मोठा आवाज होऊन इंजिन कायमचं जाम झालं.

मी खाली उतरलो. ट्रकवाले जमले होते. मामा माझ्यासमोर येऊन नेहमीसारखे तोंडाकडे बघत उभे राहिले. अकरा वर्षांत मी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

"एवढा आवाज येतोय, ऐकू आला नाही? बहिरा आहेस का तू?"

मामांचा चेहरा पडला. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, टोपी काढून खांद्यावरचा रुमाल डोक्याला गुंडाळला आणि दौंडच्या बाजूला पायी चालू लागले. मी त्यांना हाक मारली नाही. मारली असती तरी काय उपयोग होता, हे मला महिनाभराने कळलं.

त्यांची मुलगी दौंडलाच दिली होती. एका बुधवारी ती ताप आला म्हणून माझ्या तिथल्या दवाखान्यात आली. मी तिच्यापाशी वडिलांची तक्रारच केली, की माणसाने निदान सांगून तरी जावं. ती म्हणाली, लढाईत जवळ गोळा फुटला तेव्हापासून अब्बांचे कान जात होते, आणि आता सहा-सात वर्षं तर काहीच ऐकू येत नाही.

मी डॉक्टर. शाळेतल्या पोरांच्या कानाला घड्याळ लावून तपासणारा. आणि तो माणूस गाडी ऐकत नव्हता, हातानं वाचत होता. तोंडं वाचत होता, आरसा वाचत होता. जुनी गाडी तळहाताला सगळं सांगायची, नव्या गाडीनं सांगणं बंद केलं. हे सगळं माझ्या नाकासमोर चाललं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि अजून वाटते.

संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेलो. मामा अंगणात बाजेवर बसले होते. उठू लागले, मी बसवलं. त्यांच्यासमोर बसून, ओठ नीट हलवत, माफी मागितली. चला परत, म्हणालो. पुण्याला कान दाखवू, जुनी गाडी परत विकत घेऊ. सांगून टाकलं असतं तर मी काही कामावरून काढलं नसतं, असंही म्हणालो.

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. सगळं वाचून होईपर्यंत थांबले असावेत. रागावले नव्हते.

"तुम्ही डाक्टर," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुमाला ठाव हाय. काच बंद ठिवायचा, हातानं खूण करायचा. म्हटलं, मानूस आपलं बहिरेपन झाकून घेतोय. घरात बी सांगायचो, साहेबांची लई माया हाय." मग मान खाली घालून बोलले, "वरवंडला कळलं, तुमाला कायबी ठाव नव्हतं. नोकरीचं काय न्हाई, साहेब. ती दुसरी मिळंल."

मी खोटं बोलू शकलो असतो. 'मला माहीत होतं, त्या दिवशी फक्त तोल गेला,' असं म्हणायचं तोंडावर आलंही होतं. पण ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी ओठ मिटून घेतले.